भूकंप पुनर्वसन, प्रौढशिक्षण आणि रोजगार : सास्तूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत विनाशकारी भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. शासकीय आकडेवारीनुसार ७,९२८ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. सर्वाधिक हानी झालेल्या गावांत किल्लारीबरोबरच तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील, आज लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूरचा समावेश होता.

या भूकंपाविषयी व नंतरच्या पुनर्वसनाविषयी विपुल लेखन झाले आहे. त्यात घरांची संख्या, खर्च, गावांचे आराखडे व विस्थापितांचे मानसिक प्रश्न यांचा विचार प्रामुख्याने आढळतो. मात्र पुनर्वसन ही प्रौढ स्त्री-पुरुषांच्या शिक्षणाची आणि कौशल्यप्राप्तीचीही प्रक्रिया होती, या अंगाकडे इतिहासलेखनाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. भूकंपापूर्वीच्या शासकीय योजना आणि भूकंपानंतरचे पुनर्वसन यांची तुलना करून या प्रक्रियेचे स्वरूप तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भूकंपपूर्व योजना : तीन स्वतंत्र प्रवाह

भूकंपापूर्वी ग्रामीण प्रौढांसाठी राबविल्या गेलेल्या शासकीय योजनांचे तीन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह साक्षरतेचा होय. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर पसरली आणि १९७२ साली तिला युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. तथापि, वर्ग संपल्यानंतर वाचनसाहित्य व पाठपुरावा यांच्या अभावी अनेक नवसाक्षर पुन्हा निरक्षर झाले. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाले. अभियानाने कार्यात्मक साक्षरतेची केलेली व्याख्या व्यापक होती. लेखन, वाचन व अंकगणित यांबरोबरच आपल्या वंचिततेची कारणे जाणणे, संघटित होऊन विकासप्रक्रियेत सहभागी होणे आणि आर्थिक स्थिती सुधारणारी कौशल्ये मिळविणे, या बाबी तीत अंतर्भूत होत्या.

दुसरा प्रवाह व्यवसाय प्रशिक्षणाचा होता. १५ ऑगस्ट १९७९ रोजी सुरू झालेल्या ‘ट्रायसेम’ योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील १८ ते ३५ वयोगटातील ग्रामीण युवकांना स्वयंरोजगारासाठी प्रशिक्षण दिले जाई. तिसरा प्रवाह रोजगाराचा होय. वि. स. पागे यांच्या संकल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेने १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याला आधार दिला. पुढे १९७७ चा कायदा होऊन २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेचे ऋण मोठे आहे. दुष्काळी कामावर खडी फोडून आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली पिढी या भागात त्याची साक्ष देत आली. परंतु कायद्याने हमी दिली ती अकुशल श्रमाची. मजूर कामावर अकुशल म्हणून येई आणि अकुशल म्हणूनच परत जाई.

तात्पर्य, साक्षरता वर्गात कौशल्य नव्हते, प्रशिक्षण केंद्राजवळ मागणी नव्हती आणि रोजगाराच्या कामावर शिक्षण नव्हते. तिन्ही प्रवाह एकाच गावातून वाहत होते, पण ते क्वचितच एकत्र येत.

पुनर्वसनाची दोन रूपे

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ साली महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. हानीच्या प्रमाणानुसार गावांचे वर्गीकरण करण्यात आले. सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी स्थलांतर झाले. सास्तूर याच वर्गातील होय. या गावांत घराचा आकार जमीनधारणेवरून ठरला : २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. बांधकाम मुख्यतः ठेकेदार व दात्या संस्था यांच्यामार्फत झाले. ग्रामस्थांच्या समित्या होत्या, आराखड्यांवर चर्चाही झाल्या, पण प्रत्यक्ष बांधकामात ग्रामस्थांचा वाटा मर्यादित राहिला. कुटुंबाच्या हाती आले ते तयार घर.

याउलट, कमी हानी झालेल्या हजारो गावांतील सुमारे दोन लाख घरांसाठी दुरुस्ती व मजबुतीकरणाचा मार्ग स्वीकारला गेला. येथे घरमालक स्वतःच बांधकामाचा कर्ता होता. रक्कम कामाच्या प्रगतीनुसार हप्त्याहप्त्याने मिळे. त्यामुळे त्याला घर का पडते, हे आधी समजून घ्यावे लागले. या भागातील घरे जाड दगडमातीच्या भिंतींची आणि मातीच्या जड माळवदाची. भिंतीच्या आतील व बाहेरील थरांना जोडणारे आरपार दगड बहुधा नसत. माळवदावरील मातीचा भार कमी करणे, आरपार दगड बसविणे, लाकडी सांगाड्याला तिरपे आधार देणे आणि भिंतीवर काँक्रीटचा पट्टा घालणे हे उपाय गवंडी व घरमालक यांना शिकविले गेले.

संवाद सहायक

आरंभी दुरुस्तीच्या कामाने गती घेतली नाही. दगडी घराविषयी लोकांच्या मनात धास्ती होती आणि शेजारच्या गावाला मिळाले तसे नवे घर आपल्यालाही मिळावे, अशी अपेक्षा होती. या टप्प्यावर शासनाने प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे लोकसहभागाचे काम सोपविले. गावातील महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. योजनेची माहिती घरोघरी सांगणे, अभियंता व कुटुंब यांच्यात दुवा साधणे आणि कामावर लक्ष ठेवणे ही त्यांची कामे होती. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजाराहून अधिक गावांत हे काम झाले.

साक्षरता अभियानाच्या वर उल्लेखिलेल्या व्याख्येचे निकष येथे लावून पाहिले पाहिजेत. योजनेची कागदपत्रे व हप्त्यांचा हिशेब समजून घेणे ही उपयोजित साक्षरता होती. शासकीय यंत्रणेला प्रश्न विचारणे हा संघटित सहभाग होता. बांधकामाचे ज्ञान हे कौशल्य होते. एकत्र न येणारे तीन प्रवाह येथे एकत्र आले. तरीही साक्षरता, प्रशिक्षण वा रोजगार यांपैकी कोणत्याही विभागाच्या रकान्यात या स्त्रियांचे शिकणे नोंदविले जाण्याची सोय नव्हती, कारण कार्यक्रमाचे मोजमाप घरांच्या संख्येत होते.

यातून एक विसंगती स्पष्ट होते. जेथे हानी सर्वाधिक, तेथे मदत सर्वाधिक आणि शिकण्याची संधी सर्वांत कमी. सास्तूरसारख्या गावाने सर्वाधिक गमावले, पण भूकंपरोधक बांधकामाचे ज्ञान मात्र कमी हानी झालेल्या गावांत अधिक रुजले. यावर असा आक्षेप घेता येईल की, ज्या घरांत मृत्यू झाले त्या कुटुंबांकडून बांधकामाची अपेक्षा करणे अमानुष ठरले असते. हा आक्षेप योग्य आहे. परंतु प्रश्न त्यांनी घर बांधण्याचा नसून, बांधकाम चालू असताना त्यांना शिकता आले असते का, हा आहे. अनेक पुनर्वसित गावांत कुटुंबे वाढली तशी मूळ घरांना लागून खोल्या निघाल्या. त्या बांधताना हे ज्ञान कामी आले असते.

योजना संपल्यानंतर

पुनर्वसन कार्यक्रम १९९० च्या दशकाअखेरीस संपला. संवाद सहायक हे पदही त्याबरोबर संपले. १ एप्रिल १९९९ पासून ट्रायसेम व अन्य योजना स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाल्या. जुन्या योजनांत परस्पर संलग्नता नव्हती आणि लक्ष्यपूर्तीवरच भर राहिला, हे शासनानेही मान्य केले. नव्या योजनेने बचत गटांना केंद्रस्थान दिले. या भागात महिला मंडळांचे रूपांतर बचत गटांत झाल्यामुळे भूकंपकाळातील अनुभव पूर्णतः वाया गेला नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर या परिसरातील स्त्रिया गुजरातमध्ये गेल्या व तेथील स्त्रियांना आपला अनुभव सांगितला. आपल्याच जिल्ह्यात प्रमाणपत्र नसलेले ज्ञान परराज्यात मार्गदर्शक ठरले.

निष्कर्ष

१. प्रौढशिक्षण, प्रशिक्षण व रोजगार हे एका तातडीच्या गरजेभोवती एकत्र आले, तेव्हा ते परिणामकारक ठरले.

२. तयार वस्तूच्या स्वरूपातील मदतीपेक्षा कर्तेपण देणाऱ्या मदतीतून अधिक शिक्षण घडले.

३. मिळविलेल्या ज्ञानाची नोंद व पाठपुरावा यांची तरतूद नसल्याने त्याचे स्थायी रोजगारात रूपांतर होऊ शकले नाही. ग्रामशिक्षण मोहिमेचाच अनुभव येथे वेगळ्या रूपात पुन्हा आला.

२०१८ साली उस्मानाबादचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत झाला आणि कौशल्य विकास हा त्या कार्यक्रमाचा एक निकष ठरला. अशा वेळी या परिसरातील महाविद्यालयांवर एक जबाबदारी येते. संवाद सहायक म्हणून काम केलेल्या स्त्रिया व त्या काळातील गवंडी आता उतारवयात आहेत. त्यांच्या मौखिक आठवणींचे संकलन इतिहास, समाजशास्त्र व अर्थशास्त्र विभागांनी मिळून हाती घेतले पाहिजे. घरांची संख्या शासकीय अहवालांत सुरक्षित आहे. माणसे काय शिकली, हे मात्र त्या माणसांपाशीच आहे.