फुकुशिमा अणुदुर्घटना (2011) आणि लोकप्रतिक्रिया : भीती की अविश्वास?

प्रस्तावना

11 मार्च 2011 रोजी दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइइची अणुविद्युत प्रकल्पास बाहेरून होणारा वीजपुरवठा भूकंपाने खंडित झाला आणि सुमारे पन्नास मिनिटांनी आलेल्या त्सुनामीने डिझेल जनित्रे निकामी केली. शीतकरण थांबल्याने तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळले. 12 ते 15 मार्च या काळात हायड्रोजनचे स्फोट झाले. या दुर्घटनेच्या तांत्रिक बाजूवर विपुल लेखन झाले आहे. सामान्य लोकांच्या वर्तनाचे वर्णन मात्र बहुधा ‘घबराट’ या एकाच शब्दात उरकले जाते. हा शब्द सोयीचा आहे. कारण तो वापरला की दोष लोकांच्या मनाकडे जातो, माहिती दडविणाऱ्यांकडे जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रतिक्रियेचा विचार भीती म्हणून न करता अविश्वासाचा इतिहास म्हणून केला आहे.

माहितीचा अभाव आणि स्थलांतर

11 मार्चच्या रात्री 3 किलोमीटर परिघातील रहिवाशांना घरे सोडण्याचा आदेश देण्यात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ही मर्यादा 10 व सायंकाळी 20 किलोमीटर झाली. जपानी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी आयोगाने 2012 मध्ये नोंदविले की, पहिला आदेश निघाला तेव्हा प्रकल्प ज्या गावात उभा होता तेथील केवळ 20 टक्के रहिवाशांना अपघाताची कल्पना होती. बाकीचे लोक कशापासून पळावयाचे हे न कळताच घराबाहेर पडले.

नामिए या गावाचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथील अनेक रहिवासी वायव्येकडील त्सुशिमा भागात आश्रयास गेले आणि वाऱ्याने किरणोत्सर्गी द्रव्येही त्याच दिशेस नेली. किरणोत्सर्गाच्या प्रसाराचा अंदाज वर्तविणारी ‘स्पीडी’ ही संगणकप्रणाली शासनाजवळ होती; तिचे निष्कर्ष या लोकांपर्यंत वेळेत पोहोचले नाहीत. जपानमध्ये ज्यास ‘अन्झेन शिन्वा’, म्हणजे सुरक्षिततेचे मिथक, असे म्हटले जाते ते अशा अनुभवांतून ढासळले, असे म्हणावे लागेल.

मोजमाप करणारे नागरिक

23 मार्च रोजी टोकियोच्या एका जलशुद्धीकरण केंद्रातील पाण्यात प्रतिकिलोग्रॅम 210 बेक्वेरेल किरणोत्सर्गी आयोडीन आढळल्याचे जाहीर झाले. अर्भकांसाठी मर्यादा 100 होती. दुकानांतील बाटलीबंद पाणी काही तासांतच संपले. यास घबराट म्हणता येईल. परंतु तान्हे मूल असलेल्या घराने याहून वेगळे काय करावयास हवे होते?

खरा संघर्ष शाळांवरून झाला. 19 एप्रिल रोजी शासनाने फुकुशिमातील शाळांसाठी वार्षिक 20 मिलीसीव्हर्टचा निकष ठरविला. सर्वसामान्य जनतेसाठी एरवीची मर्यादा 1 मिलीसीव्हर्ट होती. पंतप्रधानांचे एक सल्लागार, टोकियो विद्यापीठातील प्राध्यापक, यांनी निषेधार्थ राजीनामा दिला. 23 मे रोजी पालक थेट शिक्षण मंत्रालयावर धडकले आणि काही दिवसांतच मंत्रालयास 1 मिलीसीव्हर्टचे उद्दिष्ट मान्य करावे लागले. शासकीय आकड्यांवर विसंबून न राहता नागरिकांनी स्वतः किरणोत्सर्गमापके घेऊन क्रीडांगणे, गटारे व पदपथ तपासण्यास याच काळात प्रारंभ केला. ऑक्टोबर 2011 मध्ये टोकियोच्या सेतागाया भागात अशा मोजणीतून तीव्र किरणोत्सर्ग आढळला. शोधाअंती त्याचे मूळ फुकुशिमात नव्हते, तर एका जुन्या घराच्या जमिनीखाली ठेवलेल्या रेडियमच्या बाटल्यांत होते! नागरिकांचे मापन अचूक ठरले, अनुमान चुकले. त्या काळातील लोकज्ञानाचे बळ आणि मर्यादा या एकाच प्रसंगात दिसून येतात.

रस्ता आणि मतपेटी

10 एप्रिल 2011 रोजी टोकियोच्या कोएंजी भागात हजारोंचा मोर्चा निघाला. 19 सप्टेंबरच्या सभेत नोबेलविजेते साहित्यिक केन्झाबुरो ओए सहभागी झाले. 5 मे 2012 रोजी देशातील शेवटची कार्यरत अणुभट्टी बंद झाली. परंतु ओई प्रकल्प पुन्हा सुरू करण्याचा निर्णय होताच पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोर दर शुक्रवारी जमणारी गर्दी फुगत गेली. 16 जुलैच्या योयोगी उद्यानातील सभेस आयोजकांच्या मते 1 लाख 70 हजार, तर पोलिसांच्या मते 75 हजार लोक होते. (इतिहासलेखकाने दोन्ही आकडे शेजारी ठेवणेच इष्ट.)

तथापि डिसेंबर 2012 च्या निवडणुकीत अणुऊर्जेस अनुकूल असलेला लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष मोठ्या बहुमताने सत्तेवर आला. लोक विसरले, असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे ठरेल. मतदान 60 टक्क्यांहून कमी झाले होते आणि अणुविरोधी मते अनेक पक्षांत विभागली गेली होती. पुढे असंतोष न्यायालयांकडे वळला. मे 2014 मध्ये फुकुई जिल्हा न्यायालयाने ओईच्या दोन भट्ट्या चालविण्यास मनाई केली. 2018 मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

जपानबाहेरील पडसाद

जर्मनीने 2011 मध्येच अणुऊर्जा सोडण्याचे वेळापत्रक ठरविले व एप्रिल 2023 मध्ये शेवटच्या भट्ट्या बंद केल्या. चीनमध्ये मात्र आयोडीनयुक्त मिठासाठी झुंबड उडाली. महाराष्ट्रात राजापूर तालुक्यातील जैतापूर प्रकल्पाविरुद्धचे आंदोलन भूसंपादन व मासेमारीच्या प्रश्नांवर आधीच उभे होते. कोयनेचा 1967 चा भूकंप स्मरणात असलेल्या प्रदेशात फुकुशिमाने त्यास नवा आशय दिला. 18 एप्रिल 2011 रोजी आंदोलकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात एकाचा मृत्यू झाला. या आंदोलनात मच्छीमार मोठ्या संख्येने होते.

फुकुशिमातही अविश्वासाची सर्वांत दीर्घ कथा मच्छीमारांचीच आहे. संबंधितांची संमती असल्याखेरीज प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडले जाणार नाही, असे लेखी आश्वासन त्यांच्या संघटनेस 2015 मध्ये देण्यात आले होते. जुलै 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पाणी सोडण्याची योजना सुरक्षा-निकषांस धरून असल्याचे म्हटले. वैज्ञानिक सुरक्षितता आणि समाजास वाटणारी निश्चिंती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही भूमिका मच्छीमारांच्या राष्ट्रीय महासंघाने कायम ठेवली व विरोध मागे घेतला नाही. 24 ऑगस्ट 2023 रोजी पाणी सोडण्यास प्रारंभ झाला.