बातम्यांनंतरचा सिनेमा

आमच्या आजीनं टीव्हीवर पाहिलेल्या बहुतेक सिनेमांची सुरुवात तिला ठाऊक नव्हती. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी सिनेमा लागायचा आणि सेवाग्राम आश्रमातल्या प्रार्थनेची वेळही तीच. प्रार्थना तिनं कधी चुकवली नाही. बापूंनी लावलेल्या पिंपळाजवळची प्रार्थना आटोपून ती परतायची, तोवर सिनेमा थांबून बातम्या सुरू झालेल्या असत. तेवढ्या वेळात आम्ही पोरांनी तिला मागची सगळी गोष्ट सांगायची, हा नेम होता. “कोठवर आलं गा?” असं विचारत ती भिंतीला टेकून बसायची. घाईत मी एखाद्या पात्राला गाळलं की लगेच हटकायची, “मंग त्या पोराची माय कुठी गेली?” सिनेमा लक्ष देऊन पाहायचा, कारण तो पुढं कुणाला तरी सांगायचा आहे, ही सवय मला तिथं लागली.

टीव्ही मोठ्या काकांचा. दवाखान्याच्या वसाहतीत त्यांचं क्वार्टर होतं. लाकडी खोकं, ओढून बंद करायचं दार, वर आजीनं विणलेला रुमाल. बांबूला बांधलेला अँटेना वाऱ्यानं फिरला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग एक जण गच्चीवर, एक दारात, एक टीव्हीसमोर. “आलं का?” “गेलं!” “आता हलवू नको!”

आजीचं सिनेमाचं वेड मात्र टीव्हीच्या कितीतरी आधीचं. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी शेगावात आले, तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. गावाचं नाव सेवाग्राम व्हायला अजून चार वर्षं होती. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. तिच्या वडिलांनी तो तिला पुढं कधीतरी वर्ध्याला दमणीतून नेऊन दाखवला. विष्णुपंत पागनीस पडद्यावर आले तसे वडिलांनी पायातल्या वहाणा काढून बाकाखाली सारल्या आणि हात जोडले, हे ती दरवेळी तितक्याच हळू आवाजात सांगायची. दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ते मी तिला कॉलेजात गेल्यावर सांगितलं. तिनं फक्त मान हलवली. तिच्या लेखी तुकोबांचा मान वडिलांनी वहाणा काढल्या तेव्हाच झाला होता.

गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात एक प्रश्न नेहमी निघे: बापूंना सिनेमा का आवडत नसे? १९२७ साली सरकारनं नेमलेल्या चित्रपट समितीला त्यांनी कळवलं होतं की आपण सिनेमाला कधी गेलेलोच नाही. सिनेमाची गणना ते जुगारासारख्या व्यसनांत करत, म्हणून ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९३९ साली बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’त त्यांना खुलं पत्र लिहिलं. पुढं १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर जुहूला विश्रांती घेत असताना त्यांनी विजय भट्टांचा ‘रामराज्य’ पाहिला. त्यातली सीता म्हणजे शोभना समर्थ. आजीला ही गोष्ट फार प्रिय होती. आपण टीव्हीसमोर बसतो त्याला बापूंची निदान एका सिनेमापुरती परवानगी आहे, असं ती मनापासून मानायची.

आणि मग खुद्द बापूच पडद्यावर आले. अ‍ॅटनबरोंच्या ‘गांधी’ला एप्रिल १९८३ मध्ये आठ ऑस्कर मिळाली. वेशभूषेचं ऑस्कर जॉन मोलोंच्या जोडीनं कोल्हापूरच्या भानु अथय्यांना मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडींना त्याच वर्षी बाफ्टा मिळालं. आमच्याकडे सोहळा कुणी पाहिला नाही, पाहण्याची सोयच नव्हती. सिनेमा पाहिला तो टीव्हीवर. त्या दिवशी काकांच्या खोलीत बापूंना जवळून पाहिलेली तीन-चार माणसं बसली होती. बाकीचे बेन किंग्जलीची चाल, हसणं, काठी धरण्याची तऱ्हा यांवर बोलत होते. आजी गप्प होती. ती रोज चरख्यावर बसणारी, पेळू कसा धरायचा हे आम्हाला हाताला धरून शिकवणारी. सूतकताईचं दृश्य आलं तशी ती उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. धोतराचा पोत, काठ, चुण्या निरखल्या आणि मागं वळून म्हणाली, “हे कपडे ज्यानं केले, त्याले खादी समजते.” ते कपडे एका मराठी बाईनं केलेत आणि त्यासाठीच तिला जगातलं सर्वांत मोठं बक्षीस मिळालंय, हे काकांनी सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, “कोणाची लेक?” भानुताईंनी २०१२ साली आपलं ऑस्कर जपणुकीसाठी अकादमीकडे परत सोपवलं, त्या दिवशी मला आजीचा हा प्रश्न आठवला.

रविवारच्या दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारविजेते चित्रपट लागत. बंगाली, मल्याळी, कन्नड, ओडिया. मराठीची पाळी यायला कित्येक रविवार जात. आजीला ना त्या भाषा येत, ना खालच्या इंग्रजी ओळी वाचता येत. तरी ती बसायची, आणि दुपारी प्रार्थना नसल्यामुळे हे सिनेमे तिला पहिल्यापासून मिळत. ‘श्यामची आई’ आम्ही असाच एका दुपारी पाहिला. अत्र्यांच्या या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं होतं. वनमालाबाईंच्या आईनं माधव वझेंच्या श्यामला रागावलं, तेव्हा खोलीतली सगळी मोठी माणसं रडत होती.

तो मान पुन्हा मराठीकडे यायला पन्नास वर्षं लागली. २००४ साली ‘श्वास’ला सुवर्णकमळ जाहीर झालं, चित्रपट ऑस्करसाठी भारताकडून गेला आणि लोकांनी वर्गणी काढली. नातवाला घेऊन शहरातल्या इस्पितळात आलेला तो कोकणातला आजोबा आम्हाला परका वाटला नाही. कस्तुरबा रुग्णालयाच्या व्हरांड्यात गाठोडं मांडीवर घेऊन बसलेले असे आजोबा आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो.

आता पुरस्कारांचे दिवस आले की सोहळे चार-चार तास दिसतात. लाल गालिचा दिसतो, नाच दिसतात, भाषणं दिसतात. ज्याच्यासाठी हे सगळं, तो चित्रपट मात्र दिसत नाही. आमच्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला नेमकं उलटं आलं होतं आणि मला ते अधिक भाग्याचं वाटतं. माझ्या मुलीला ‘श्यामची आई’ नावानं माहीत आहे. टीव्हीवर तो तिला एकदाही भेटलेला नाही.

म्हणून सह्याद्री वाहिनीला माझी मनापासून विनंती आहे. देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून मराठीतल्या ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांची निवड झाली. त्यांतला ‘देऊळ’चा मान विभागून होता. राष्ट्रीय पुरस्कार जाहीर होतात त्या सुमारास दरवर्षी पाच रविवार या पाच चित्रपटांना द्या. आधी आठवडाभर सांगत राहा, म्हणजे घरातली माणसं एकत्र बसतील. फक्त वेळ दुपारची ठेवा. संध्याकाळी सेवाग्रामात अजून प्रार्थना असते.