उकिरड्याचा पांग



बारा वर्षांनीं उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. दुर्दैवी माणसाला धीर देण्याकरितां आपण ती वापरतों. खुद्द उकिरड्याविषयीं ती कांहीं सांगत असेल, असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. आज मला तिचा शब्दशः अर्थ घ्यावयाचा आहे. घरच्या परसांत निर्विष भाजी कशी पिकवावी हें सांगणारीं पुस्तकें आतां पुष्कळ झालीं आहेत आणि त्यांत 'इंदूर पद्धती' या नांवाचा उल्लेख कोठें ना कोठें येतोच. ही पद्धती म्हणजे आपल्या उकिरड्यालाच लावलेलें शास्त्रीय वळण होय. आणि तिच्या जन्मकथेंत एक असें नांव आहे, कीं जें मराठी घरांत निघावें तितकें निघत नाहीं.

माझें गांव येवलें. पैठणीमुळें तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. रेशमाच्या बाबतींत गांव भाग्यवान, पण पावसाच्या बाबतींत नाहीं. सह्याद्रीच्या पाठीमागें पडल्यामुळें मेघ येथपर्यंत येतात ते बहुधा रिकाम्या हातांनीं. माझ्या लहानपणीं आमच्या आळींतील घरांची रचना साधारण एकसारखी असे: पुढें ओटी, मध्यें माजघर, आणि मागें परस. परसांत मोरीचें पाणी जेथें निघे तेथें अळू, त्याच्या शेजारीं केळ, कुंपणावर दोडक्याचा किंवा घोसाळ्याचा वेल, एखादा शेवगा, कढीलिंब आणि तुळस. यांपैकीं कशालाही कोणी 'बाग' म्हणत नसे. आणि अगदीं कोपऱ्यांत उकिरडा. गाईचें शेण, गोठ्यांतील केर, चुलींतील राख, भाजीचे देठ, वाळलेला पाला, सर्व तेथें जाई. चैत्रांत ओळखीचा शेतकरी बैलगाडी घेऊन येई, तो ढीग भरून नेई, आणि सुगीला आमच्या घरीं बाजरी पोंचती करी. या व्यवहाराची चिठ्ठीचपाटी कधीं झालेली मला आठवत नाहीं.

मात्र हें सर्व आठवून 'आपल्या पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें' असें म्हणण्यास मी तयार नाहीं. आमचा उकिरडा उघडा असे. उन्हाळ्यांत तो वाळून कोळ होई, पावसाळ्यांत त्याचें सत्त्व गटारांतून वाहून जाई. गोठ्यांतील मूत्र, ज्यांत खताचा मोठा अंश असतो, तें जमिनींत जिरून वायां जाई. आणि शेणाचा मोठा भाग गोवऱ्यांच्या रूपानें चुलींत जळे. १८८९ सालीं व्होल्कर नांवाचे रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडहून हिंदुस्थानची शेती पाहण्यास आले. १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालांत त्यांनीं या गोष्टींवर बोट ठेविलें. पण शेतकरी शेण जाळतो तें अडाणीपणामुळें नव्हे, त्याला दुसरें सरपण मिळत नाहीं म्हणून, हेंही त्यांनीं न्यायबुद्धीनें सांगितलें. त्यापूर्वींच, १८८३ सालीं, महात्मा फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून या दुखण्याचें मूळ दाखविलें होतें. डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांचें मलमूत्र पावसाबरोबर वाहत येऊन शेतांना आपोआप खत मिळे. जंगलखात्यानें कुरणें आणि रानें अडविल्यावर गुरें घटलीं आणि खतही घटलें, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. फुल्यांच्या घराण्याचें आडनांवच फुलांच्या धंद्यावरून पडलेलें. मातीविषयीं ते ऐकीव बोलत नव्हते.

आतां इंदूरकडे वळूं. आमच्या शेजारचा चांदवड तालुका. तेथील रंगमहाल पाहिलेल्यांना होळकरांची ओळख करून देण्याची गरज नाहीं. त्याच होळकरांच्या राजधानींत, संस्थानानें दिलेल्या जमिनीवर, १९२४ सालीं वनस्पतिसंशोधनाची एक संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख आल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ पासून बिहारांतील पुसा येथें सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही त्याच शास्त्रांतील विदुषी. हॉवर्डसाहेबांचा विशेष हा, कीं ते शेतकऱ्याला शिकविण्याच्या अगोदर त्याच्याकडून शिकले; शेतकरी आणि पिकावरची कीड या दोघांना ते आपले गुरु मानीत. चीनमध्यें चाळीस शतकें एकच जमीन कसून ती निकस कां झाली नाहीं, याविषयीं किंग नांवाच्या अमेरिकन प्राध्यापकाचें पुस्तक १९११ सालीं निघालें होतें. त्याचाही हॉवर्ड यांच्यावर मोठा परिणाम झाला. चीनमधील रीत आणि माळव्यांतील शेतांत व गोठ्यांत सांपडणारा माल, यांची त्यांनीं सांगड घातली.

या कामाचें रसायन पाहणारे गृहस्थ होते यशवंत वाड. 'वाड' हें आडनांव आपणांस पेशव्यांच्या रोजनिशींचे संपादक गणेश चिमणाजी वाड यांच्यामुळें परिचित आहे. ढिगांत नत्र किती टिकतें, किती उडून जातें, उष्णता कशी चढते आणि उतरते, हें मोजल्याखेरीज खत ही 'पद्धती' होत नाहीं, नुसती संवय राहते. १९३१ सालीं ऑक्सफर्डच्या छापखान्यानें प्रसिद्ध केलेल्या, शेतींतील टाकाऊ पदार्थांवरील ग्रंथावर हॉवर्ड आणि वाड अशीं दोन्ही नांवें आहेत. पुढें जग मात्र एकच नांव घेऊं लागलें. यांत हॉवर्डसाहेबांचा दोष नाहीं. त्यांनीं तर मुखपृष्ठावर सहकाऱ्याचें नांव छापलें. विसरलों आपण.

पद्धती अशी. सुमारें ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि अवघा २ फूट खोल खड्डा. त्यांत पालापाचोळा, तण, काड्या यांचा थर, त्यावर शेण, त्यावर गोठ्यांतील मूत्र मुरलेली माती आणि चुलीची राख, पुन्हां पाल्याचा थर. पाला तीन-चार भाग, तर शेण एक भाग. पिळलेल्या ओल्या फडक्याइतकी ओल. आंतील सूक्ष्म जंतु कामाला लागले, कीं ढीग ६० अंशांच्या वर तापतो. त्या उष्णतेनें तणाचें बीं आणि किडीचीं अंडीं मरतात. तीन वेळां उलथापालथ करून ढिगाला हवा द्यावयाची. तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, पावसानंतरच्या रानासारख्या वासाचें खत तयार. यांतील एक बारकावा आमच्या कोरड्या मुलुखाला फार उपयोगी आहे: उन्हाळ्यांत खड्डा, म्हणजे ओल उडत नाहीं, पावसाळ्यांत जमिनीवर ढीग, म्हणजे पाणी तुंबत नाहीं. आमच्या वाडवडिलांनीं एकच उकिरडा बारा महिने एकाच जागीं ठेविला, त्यांत त्यांचें नुकसान झालें.

पुढची कथा जरा गमतीची आहे. १९४० सालीं हॉवर्ड यांचा शेतीविषयक मोठा ग्रंथ इंग्लंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रभावानें तेथें आणि अमेरिकेंत सेंद्रिय शेतीची चळवळ उभी राहिली. इकडे स्वातंत्र्यानंतर अन्नाची टंचाई होती, सिंद्रीचा कारखाना १९५१ सालीं सुरू झाला, आणि गोणींतील पांढऱ्या खताचें युग आलें. त्या खतानें लोकांची उपासमार टाळली हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. पण परसांतील कोपरा त्यामुळें ओस पडला. गाय गेली, गॅस आला, परसांत दोन खोल्या वाढल्या, आणि देठ-साली घंटागाडींत जाऊं लागल्या. मग पन्नास वर्षांनीं तोच माल, परदेशी नांवाच्या पिशवींत बांधून, आम्ही दुकानांतून विकत आणूं लागलों.

घरगुती बागेला पुन्हां प्रतिष्ठा देणारे आपल्यांतील थोर पुरुष म्हणजे श्री. अ. दाभोळकर. ते गणिताचे शिक्षक. शिक्षकानें शेतींत काय पडावें, असें कोणी म्हणेल. पण त्यांनीं 'प्रयोग परिवार' उभा करून सामान्य शेतकऱ्याला आणि शहरांतील गृहस्थाला स्वतः मोजावयास शिकविलें: पान किती, ऊन किती, पाणी किती. मुंबई बंदराच्या भोजनगृहाच्या गच्चीवर, स्वयंपाकघरांतील उरल्यासुरल्या पदार्थांच्या मातींत, २००२ पासून बाग फुलविली गेली, तीही याच विचारांच्या वाटेनें.

मी स्वतः हा मार्ग चुकून शिकलों. निवृत्त झाल्यावर उत्साहाच्या भरांत मीं वांग्याच्या आळ्यांत आणि पेरूच्या रोपाभोंवतीं ताजें शेण भरलें. आमच्या कोरड्या जमिनींत कच्चें शेण म्हणजे वाळवीला आमंत्रणपत्रिका. आठ दिवसांत वांगीं माना टाकूं लागलीं; उपटून पाहतों तों मुळांची साल गेलेली. तेव्हां मीं परसांत दोन हात लांब, दीड हात खोल असा लहान खड्डा घेतला. दोन बोटें सुका पाला, एक बोट भाजीचे देठ-साली, मूठभर जुनी माती, असा क्रम. शेजारच्या गोठ्यांतून आठवड्यास एक पाटी शेण. तांदूळ धुतलेलें पाणी त्यावर. शिजलेलें तेलकट अन्न आंत गेलें, कीं घाण सुटते. हें सौभाग्यवतींनीं मला पहिल्याच पंधरवड्यांत सिद्ध करून दाखविलें.

लहान खड्डा मोठ्यासारखा तापत नाहीं, म्हणून त्याला तीन महिने पुरले नाहींत, पांच लागले. पण त्या खताच्या आळ्याला पाणी एक दिवसाआड दिलें तरी चालूं लागलें, आणि वैशाखांत येवल्यांत ही केवढी मोठी गोष्ट आहे, हें येथें राहणाऱ्यालाच कळेल. यंदा वांगीं टिकलीं. घोसाळ्याचा वेल शेजाऱ्यांच्या भिंतीवर गेला आहे, आणि तिकडचीं फळें त्यांचीं, असा करार झाला आहे. खड्ड्याजवळ मीं एक पाटी रोंविली आहे. नातवंडांना वाटतें, तीवर भाजीचें नांव असेल. तीवर 'वाड' असें लिहिलें आहे.