रायगडावरचा पंधरवडा

श्रोतेहो, तोफ म्हटली की आपल्या भोकरदन-जाफराबादकडच्या माणसाला असई आठवते. केदारखेड्याहून ते गाव काही फार लांब नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे तोफांनी शेकड्यांनी माणसे पाडली. पण ती बहुतेक शिपाईगडी होती, आणि लढाई एका दिवसात उरकली. आज सांगायची आहे ती हकीकत १८१८ सालच्या रायगडाची. तिथे तोफा रोखल्या होत्या त्या राहत्या घरांवर.

एप्रिलच्या अखेरीस कर्नल प्रॉथरची फौज गडाखाली येऊन बसली. गडाची उंची सुमारे २७०० फूट. शिड्या लावून चढण्याची सोयच नाही. तेव्हा इंग्रजांनी उखळी तोफा मांडल्या. साधी तोफ गोळा समोर फेकते, तो तटाला लागतो. उखळीचे तोंड आभाळाकडे! तिचा गोळा उंच चढून तटाच्या आत उतरतो, आणि तो कुलपी असला, म्हणजे पोटात दारू भरलेला असला, की फुटतो. मग तट कितीही जाड असेना, त्याचा उपयोग काय? शेजारच्या पोटल्याच्या डोंगरावरूनही मारा होऊ लागला.

वर अरबांची शिबंदी होती, हे सगळेच सांगतात. पण बाजीरावाची पत्नी वाराणसीबाईही वरच होती. बाजीराव स्वतः वऱ्हाडाकडे धावत होता. १७ एप्रिलला शिवणीला त्याच्या फौजेची दाणादाण उडाली होती. आता पेशव्यांची बाई म्हटली की दासी, कारकून, आचारी, पाणके असा गोतावळा आलाच. लढाईशी त्यांचा काय संबंध? दिवस चैत्र-वैशाखाचे, घरांना लाकूडकाम भरपूर, पाणी तळ्यांत आणि टाक्यांत असेल तेवढेच. उखळीच्या गोळ्याची पेटलेली वात रात्री आभाळात दिसते, पण तो कोणाच्या माथ्यावर उतरेल ते सांगता येत नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात एक गोळा वाड्यात पडला आणि आग लागली. ती पसरत गेली. १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती आला. ते वर गेले तेव्हा वाराणसीबाई त्या जळितातच होती. तिला सन्मानाने खाली जाऊ दिले, हे नमूद केले पाहिजे.

आमच्या क्रमिक पुस्तकांत हे सारे ‘रायगड पडला’ एवढ्यात आटपते. गडावर गेलात तर राजवाड्याकडे जरा थांबा. १६८९ साली मोगलांनी गड घेतला होता, तेव्हा सगळीच पडझड या पंधरवड्यातली नव्हे. पण खांब, तुळया, आढी जळून गेली, म्हणून तिथे आज जोती तेवढी दिसतात.