डोंगरावरून खाली आणायचे पैसे कोण देणार?

आजचा भाग एका बिलामुळे सुचलाय.

माझा कॉलेजचा एक मित्र म्युनिकला नोकरी करतो. मागच्या फेब्रुवारीत टीमबरोबर ऑस्ट्रियात, टिरोलला स्कीइंगला गेला. पठ्ठ्याने त्याआधी बर्फ पाहिलेला एकदाच, मनालीत, तोही भाड्याच्या गमबुटात. दुसऱ्या दिवशी पडला आणि गुडघा फिरला. हेलिकॉप्टर आलं आणि थोड्याच वेळात साहेब दवाखान्यात. ग्रुपवर फोटो आला, अंगठा वर करून. आम्हीही हसलो. काही आठवड्यांनी घरी पाकीट आलं, चार हजार युरोंच्या वर. दवाखान्याचं बिल जर्मन विम्याने भरलं होतं. हे बिल फक्त हेलिकॉप्टरचं होतं, उड्डाणाच्या मिनिटांचा हिशोब लावून.

त्याचा फोन आला. "अरे, विम्याचे पैसे दर महिन्याला पगारातून कापतात ना? मग हे काय?"

मी इंजिनीअर माणूस, मला विम्यातलं काय कळणार? पण प्रश्न डोक्यात राहिला. उपचार आणि सुटका ही दोन वेगळी बिलं कधीपासून झाली? शोधत गेलो तेव्हा कळलं की यामागे चांगला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता, कारण खाली आणायला यायचे ते गावातले लोक आणि वाटाडे. 1896 मध्ये व्हिएन्नाजवळच्या राक्स डोंगरावर हिमकडा कोसळून तिघे गेले. त्यानंतर तिथल्या गिर्यारोहकांनी संघटित बचावकार्य सुरू केलं. सगळे स्वयंसेवक, त्यामुळे बिल वगैरे भानगड नाही.

अमेरिकेतली गोष्ट तर भारी आहे. 1936 च्या सुरुवातीला मायनट डोल नावाचा एक माणूस व्हरमाँटमधल्या स्टो इथे स्कीइंग करताना पडला आणि त्याचा घोटा मोडला. मदतीला कुणी नाही. मित्रांनी शेवटी छपराचा पत्रा शोधून आणला आणि त्यावर झोपवून त्याला ओढत खाली नेलं. त्याच हिवाळ्यात त्याचा मित्र फ्रँक एडसन एका शर्यतीत गेला. 1938 मध्ये डोलने नॅशनल स्की पेट्रोल उभी केली. आता हा डोल पोटापाण्यासाठी काय करायचा? विम्याचा धंदा! मला हे वाचून हसू आलं आणि पटलंही.

पण खरा बदल झाला विमानामुळे. 19 नोव्हेंबर 1946 ला अमेरिकन लष्कराचं एक डकोटा विमान स्वित्झर्लंडमधल्या गाउली हिमनदीवर, तीन हजार मीटरच्या वर, आदळलं. आत बारा जण, त्यात एक अकरा वर्षांची मुलगी. सगळे जिवंत! रेडिओवरून त्यांनी कळवलं की आम्ही फ्रेंच आल्प्समध्ये आहोत, आणि शोध सुरू झाला भलतीकडेच. अखेर जागा सापडली. माणसं पायी वर पोहोचली, पण जखमींना त्या बर्फातून चालवत खाली आणणं अवघड. तेव्हा 24 नोव्हेंबरला व्हिक्टर हुग आणि पिस्ता हित्झ या दोन स्विस वैमानिकांनी स्की बसवलेली छोटी श्टोर्ख विमानं थेट हिमनदीवर उतरवली आणि फेऱ्या मारून सगळ्यांना खाली आणलं.

या सुटकेने दाखवून दिलं की हवेतून माणूस वाचवता येतो. आणि हवेतून म्हणजे महागात.

1952 मध्ये डॉक्टर रुडॉल्फ बुखर यांच्या पुढाकाराने स्विस हवाई बचाव संस्था सुरू झाली, आज जिला रेगा म्हणतात. सुरुवातीला तर पॅराशूटने उड्या मारणारे बचावकर्ते होते! काम वाढत गेलं, पैसे मात्र पुरेनात. सरकारी अनुदान नाही, आणि बर्फात पडलेल्या माणसाला आधी "पैसे आहेत का?" असं विचारता येत नाही. 1966 पर्यंत संस्था बंद पडायच्या बेतात आली. तेव्हा त्यांनी थेट स्विस जनतेला साद घातली. दरवर्षी थोडी रक्कम द्या, आमचे आश्रयदाते व्हा. उद्या तुमच्यावर वेळ आली आणि तुमच्या विम्याने खर्च उचलला नाही, तर आम्ही आमचं बिल माफ करू शकतो.

इथे शब्द नीट ऐका. "करू शकतो." कराराने बांधलेलं नाही. कारण तसं लेखी वचन दिलं तर तो विमा झाला, आणि मग विमा कंपनीचे सगळे नियम लागू. म्हणून आजही ही कायद्याच्या भाषेत देणगी आहे आणि माफी हा संस्थेचा निर्णय. टर्म्स अँड कंडिशन्स न वाचणाऱ्या आपल्या पिढीला हे विचित्र वाटेल, पण त्या देशात आज पस्तीस लाखांहून जास्त आश्रयदाते आहेत. देशाची लोकसंख्या नव्वद लाख! हे विश्वासावर चालतं आणि साठ वर्षं चाललंय.

शेजारी फ्रान्सने वेगळी वाट धरली, आणि तीही एका दुःखद घटनेनंतर. डिसेंबर 1956. ज्याँ व्हँसाँदाँ आणि फ्राँस्वा आँरी, दोघेही विशीतले, माँ ब्लाँवर वादळात अडकले. खाली शामोनीतून दुर्बिणीने ते दिसत होते. विचार करा, गाव बघतंय आणि वर दोन पोरं गोठतायत. एवढ्या थंडीत माणसं पाठवण्याचा धोका घ्यायला वाटाड्यांची संघटना तयार झाली नाही. लियोनेल तेरे हा नामवंत गिर्यारोहक स्वतःच माणसं जमवून निघाला. लष्कराचं हेलिकॉप्टर गेलं, तेही त्यांच्याजवळच कोसळलं. मग आधी त्या हेलिकॉप्टरच्या माणसांना वाचवावं लागलं. ती दोन मुलं त्याच मोडक्या हेलिकॉप्टरमध्ये राहिली. 3 जानेवारीला शोध थांबवला गेला. त्यांचे देह मार्चमध्ये खाली आणले.

देशभर संताप झाला. 1958 मध्ये शामोनीत जांदार्मरीचं खास पर्वतपथक तयार झालं. सुटका हे सरकारचं काम ठरलं आणि ती फुकट राहिली. पण पुढे स्कीइंग हा मोठा धंदा झाला, लाखो लोक घसरायला लागले आणि भार आला छोट्या गावांच्या पंचायतींवर. 1985 च्या पर्वत कायद्याने या गावांना स्कीइंगच्या अपघाताचा बचावखर्च वसूल करायची मुभा दिली. त्यामुळे गंमत बघा. माँ ब्लाँ चढताना अडकलात तर सरकारी हेलिकॉप्टर फुकट, आणि स्की रिसॉर्टच्या उतारावर पाय मुरगळून साध्या घसरगाडीतून खाली आलात तर बिल!

आणि आपण? आपला संबंध येतो व्हिसाच्या फॉर्मवर. शेंगेन व्हिसासाठी प्रवास विमा लागतो, किमान 30,000 युरोंचा. हा नियम 2004 पासून आहे. त्यात काय हवं? तातडीचे उपचार, दवाखान्यातली भरती, आजारपणामुळे किंवा मृत्यूनंतर मायदेशी परत पाठवण्याचा खर्च. डोंगरावर शोधून खाली आणणं ही अट त्या यादीत नाहीच. शिवाय स्वस्त पॉलिसीत स्कीइंग साहसी खेळांखाली वगळलेलं असू शकतं. आपण पॉलिसी घेतो ती व्हिसाच्या खिडकीवर द्यायला, त्यामुळे ते पान वाचतंय कोण! काका-काकूंची टूर टिटलिसवर बर्फात फोटो काढून परत येते, तोवर ठीक. पण हल्ली पोरं "बिगिनर लेसन" घेतात.

बाकी एक चांगली गोष्ट 1963 ची. पियेर देनो या फ्रेंच माणसाने युरोप असिस्टन्स काढली. त्याची कल्पना अशी की नुसते पैसे नंतर परत देऊन काय उपयोग, त्या क्षणी फोन उचला, डॉक्टर पाठवा, माणूस घरी आणा. पॉलिसीवर जो चोवीस तासांचा नंबर असतो ना, त्याचं मूळ इथे. म्हणून पडल्यावर शक्य तितक्या लवकर त्या नंबरवर फोन करायचा, हेलिकॉप्टर का लागलं ते डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं आणि प्रत्येक कागदाचा फोटो काढायचा.

माझ्या मित्राने यातलं काहीच केलं नव्हतं. नंतर त्याने दवाखान्याचा रिपोर्ट मागवला, विमा कंपनीला दोन पत्रं लिहिली. उत्तर एकच, डोंगरावरची सुटका आमच्यात बसत नाही. त्याच ट्रिपमधला त्याचा जर्मन सहकारी म्हणाला, "मग तू अल्पाइन क्लबचा सभासद नाहीस का?" तिथे वार्षिक वर्गणीतच 25,000 युरोंपर्यंत सुटकेचा खर्च धरलेला असतो. टीममधले सगळे सभासद होते. याला सांगायचं कुणाला सुचलं नाही, कारण त्यांच्या घरात ते गृहीतच असतं, जसं आपल्याकडे पावसाळ्यात छत्री.

पैसे त्याने तीन हप्त्यांत भरले. घरी अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे आईंनी हा भाग ऐकला तर माझी काही खैर नाही. येत्या फेब्रुवारीत तो परत जातोय. काल ग्रुपवर सभासद कार्डाचा फोटो आला, अंगठा वर करून.

चला, पुढच्या भागात भेटू.