पोलारी : इंग्लंडमधल्या समलिंगी पुरुषांची सांकेतिक बोली

गुप्त बोली आपल्याला नवीन नाहीत. गिऱ्हाइकासमोर भाव बोलायला दलालांची नंदभाषा होती. महानुभावांनी ग्रंथांसाठी सकळ लिपी वापरली. इंग्लंडमधल्या समलिंगी पुरुषांची ‘पोलारी’ त्याच जातकुळीतली. फरक एवढाच, की तिथं गुपित फुटलं तर तुरुंग.

१८८५च्या कायद्यानं पुरुषापुरुषांमधले शरीरसंबंध, अगदी बंद दाराआडचेही, गुन्हा ठरवले. याच कलमाखाली १८९५मध्ये ऑस्कर वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. अशा काळात समोरचा आपल्यातला आहे का, हे विचारायचं कसं? बोलता बोलता एखादा पोलारी शब्द टाकायचा. त्यानं ओळखला तर ठीक, नाहीतर विषय बदलायचा.

मात्र हे शब्द मुळात त्यांचे नव्हते. ‘पोलारी’ हे नाव इटालियन ‘पारलारे’, म्हणजे बोलणे, यावरून आलं. जत्रेतले खेळवाले, सर्कसवाले, बाहुल्यावाले अशी मिश्र बोली बोलत. तिथून ती नाटकमंडळींत आणि जहाजांवर रुळली, आणि या दोन्ही ठिकाणी समलिंगी पुरुषांना त्यातल्या त्यात आसरा होता. ‘बोना’ म्हणजे चांगलं, ‘ओमी’ पुरुष, ‘पालोनी’ बाई. दोन्ही जोडून ‘ओमी-पालोनी’, म्हणजे समलिंगी पुरुष. पोलिसाला चक्क ‘लिली’ हे बाईचं नाव! काही शब्द अक्षरं उलटी करून बनले, आपली मुलं ‘च’च्या भाषेत शब्द फिरवतात तसेच. मूल या अर्थाचा ‘चॅव्ही’ हा शब्द रोमानी भटक्यांकडून आलेला. रोमानी भाषेचं मूळ भारतात. त्यामुळे हा शब्द आणि आपला ‘छावा’ एकाच घराण्यातले.

१९६५ ते १९६८ या काळात बीबीसी रेडिओवर ‘राउंड द हॉर्न’ हा विनोदी कार्यक्रम लागायचा. त्यातले ज्युलियन आणि सँडी बिनधास्त पोलारी बोलायचे, आणि घरोघरी लोक खदखदून हसायचे. संकेत उघडा पडला. त्यातच १९६७च्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समध्ये एकवीस वर्षांवरील पुरुषांच्या खासगी संबंधांना मोकळीक दिली. पुढच्या पिढीच्या चळवळीला तर ही बोली लपूनछपून जगण्याची खूण वाटू लागली. बोली मागे पडली.

आपल्याकडे ब्रिटिशांनी १८६०मध्ये आणलेलं कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. तोवर इथल्या माणसांनीही आपापले संकेत जपले असणारच. पोलारीचा शब्दसंग्रह पुढे भाषाशास्त्रज्ञ पॉल बेकर यांनी जुन्या बोलणाऱ्यांना भेटून नोंदवला. बोलणारे हयात होते, म्हणूनच ते जमलं.