लूत : एक शब्द आणि अनेक रोग
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात)

नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखाच्या उपलब्ध भागात यज्ञप्रसंगी दान दिलेल्या गायी, घोडे व हत्ती यांची गणती आढळते; कुत्र्याची आढळत नाही. दानात न मोजलेला हा प्राणी जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या जीवनात मात्र महत्त्वाचे स्थान राखून आहे. धनगराच्या मेंढरांची राखण तो करतो. खंडोबाच्या उपासनेत त्यास मान आहे. आणि कुकडी व घोड यांच्या खोऱ्यांत धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला व त्या उसात बिबट्या राहू लागला, तेव्हापासून बिबट्या व घर यांच्यामध्ये तोच उभा असतो. अशा प्राण्याच्या अंगावर चट्टे उठून केस झडू लागले, की ‘लूत भरली’ असे म्हणून त्यास दूर लोटण्यात येते. हे कितपत सयुक्तिक आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

‘लूत’ या शब्दाचा संस्कृत ‘लूता’ शब्दाशी संबंध दिसतो. लूता म्हणजे कोळी. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लूताविषाचे विवेचन असून, संस्कृत कोशांत लूता शब्दाचा त्वचारोग असाही अर्थ दिला आहे. नवल असे की, खरजेचा सूक्ष्म किडा प्राणिशास्त्रात कोळ्याच्याच वर्गात मोडतो. तथापि हा योगायोगच होय. या किड्याचे सूक्ष्मदर्शकाखालील वर्णन इटलीत बोनोमो व चेस्तोनी यांनी १६८७ साली केले. आणि १८३४ साली पॅरिस येथे रेनुची याने तो सर्वांसमक्ष काढून दाखविला, तेव्हा कोठे वैद्यजगताचा संशय फिटला.

कारण कळल्यावर एका शब्दाखाली दडलेले रोग वेगळे होऊ लागले. खरजेचा किडा कातडीत बोगदे करतो. कानांच्या कडा व कोपरे यांवर असह्य खाज सुटते, आणि हा रोग माणसासही तात्पुरता लागतो. डेमोडेक्स नावाचा दुसरा किडा केसांच्या मुळांशी राहतो व आईकडून नवजात पिलांकडे जातो; त्याने केस झडतात, पण खाज प्रायः कमी असते व माणसास भय नसते. गजकर्ण बुरशीमुळे होते. पिसवांच्या चाव्याचे वावडे असलेल्या कुत्र्याची कातडी शेपटीच्या बुडाशी लाल होते. डोळ्यांना ही सर्व लूतच दिसते. निर्णयासाठी कातडीची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे उपयोगी पडते.

उपचारांचा इतिहासही याच दिशेने गेला आहे. करंजेल तेल व गंधक ही जुनी औषधे. त्यांपैकी गंधकाने किडे मरतात, हे पुढे मान्य झाले. याउलट यंत्रातील जळके तेल चोपडण्याची नवी रीत घातक आहे, कारण कुत्रा अंग चाटतो व ते विष पोटात जाते. मुंबईस परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले व शास्त्रीय शिक्षणाची सोय झाली. जपानी मातीतील जीवाणूपासून निघालेल्या आयव्हरमेक्टिन वर्गातील औषधाने मोठी क्रांती केली. त्याबद्दल ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक लाभले. मात्र कोली जातीच्या काही कुत्र्यांना ते बाधते. म्हणून मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी.

सारांश, लूत हा निकाल नव्हे, तो केवळ प्रश्न आहे. ज्यास आपण घराबाहेर घालवितो, तो राखणदार बहुधा बरा होण्याजोगा असतो. आणि रोग ओळखल्याविना त्यास हाकलल्याने घरातील लागण तर थांबत नाहीच, राखण मात्र जाते.